रेवाच्या विमानाची रंगीत तालीम

नाशिक, पाथर्डी फाटा. शनिवार, १७ जानेवारी

हजर: मी, माझे यजमान सुधाकर, समोरच्या फ्लॅटमधल्या फरीदाभाभी, आणि माझी नात रेवा, वय दीड वर्ष, विषय तिचाच असल्यामुळे मांडीवर. गैरहजर: रेवाची आई, म्हणजे माझी मुलगी सायली, आणि जावई निखिल. दोघेही हैदराबादला, नोकरीवर.

विषय एकच होता. पुढच्या शनिवारी रेवाला विमानाने हैदराबादला न्यायचं, तिच्या आईच्या हवाली करायचं आणि मी एकटीने परत यायचं.

सायलीची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा निखिलची बदली हैदराबादला झाली, पाठोपाठ तिलाही तिथेच काम मिळालं. नवं शहर, भाड्याचं घर, धड पाळणाघर मिळेना. ‘आई, दोनच महिने ठेव,’ म्हणून सात महिन्यांची रेवा आमच्याकडे आली, ती वर्ष होत आलं तरी आमच्याकडेच होती. आई-बाप जमेल तसे येऊन जात. एरवी फोनवर भेट. आता पाळणाघर सापडलं होतं, घरही मोठं घेतलं होतं. सबबी संपल्या होत्या, त्यांच्याही आणि आमच्याही.

मी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुरक्षा विभाग सांभाळते. आग लागली तर काय करायचं याचं मॉक ड्रिल घेणं हे माझं काम. भोंगा, जिना, पटांगण, हजेरी, आणि मग सगळे आपापल्या मशीनवर परत. माणूस माहीत नसलेल्या गोष्टीला घाबरतो. तीच गोष्ट चारदा करून घेतली की पाय आपोआप चालतात. यावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास. म्हणून मी जाहीर केलं, की आठवडाभर रोज रेवाची विमानाची तालीम घ्यायची.

‘‘अगं, मूल आहे ते,’’ सुधाकर म्हणाले. ‘‘तुझ्या कारखान्यातला फिटर नाही.’’

‘‘फिटर तर ऐकतच नाहीत. ही ऐकते.’’

फरीदाभाभींची थोरली मुलगी मस्कतला असते, नातवंडं विमानातून येऊन-जाऊन मोठी झालेली. त्या आमच्या इमारतीतल्या या विषयाच्या तज्ज्ञ. ‘‘ताई, माझं ऐका,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चढताना नि उतरताना तोंडात काहीतरी पाहिजेच. दूध म्हणा, पाणी म्हणा. गिळलं की कान दुखत नाहीत. आमची आलिया उतरताना झोपलेली होती. उठली ती अशी किंचाळली, पूर्ण विमान जागं झालं. आणि जादा कपडे पोरीचे सगळेच घेतात. तुम्ही तुमचाही एक कुर्ता वर ठेवा. ओकारी पोरीची, कपडे आजीचे.’’

ज्यांना तान्हं मूल घेऊन पहिल्यांदा निघायचं आहे त्यांच्यासाठी इथेच सांगून ठेवते. दोन वर्षांखालच्या मुलाला वेगळी सीट नसते, मांडीवर घ्यायचं. पण त्याचं नाव तिकिटात घालावं लागतं आणि वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला लागतो. मूळ प्रत जवळ ठेवा. आधी डॉक्टरांना कान दाखवून घ्या; सर्दी असेल तर त्रास होतो. झोपेचं औषध मनाने देऊ नका, कुणी कितीही सांगू दे. भाजून दळलेली तांदूळ-मुगाची पूड घेतली आणि गरम पाणी मिळालं की पेज होते. हे सगळं मी केलं आणि सगळं उपयोगी पडलं. चुकलं ते यात कुठेच नव्हतं.

तालीम अशी: रेवाला सँडल घालायचे. ‘भुर्र’ म्हणायचं. आबांनी, म्हणजे सुधाकरांनी, दारात उभं राहून टाटा करायचा. इमारतीला एक फेरी मारून वर यायचं. हॉलमध्ये जेवणाच्या दोन खुर्च्या जोडून ठेवलेल्या. एकीवर मी, माझ्या मांडीवर रेवा, पोटावरून ओढणीचा पट्टा. सुधाकरांनी स्वयंपाकघरात रिकामा मिक्सर लावायचा, ते इंजिन. पाण्याचे दोन घोट. मिक्सर बंद. पट्टा सोडायचा, टाळ्या वाजवायच्या आणि ओरडायचं, ‘आलं घर!’ मग हात-पाय धुऊन तूप-भात.

पहिल्या दिवशी मिक्सर लागताच ती माझ्या गळ्याला बिलगली. तिसऱ्या दिवशी स्वतःच कानांवर हात ठेवून हसायला लागली. पाचव्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या सँडल घेऊन आली. ‘आलं घर’ ही तिची सगळ्यात आवडती पायरी. तेवढ्यासाठी ती बाकीचं सगळं सोसायची. सुधाकर मिक्सरचं बटण दाबता दाबता म्हणाले, ‘‘मानलं बुवा. पोरगी पायलट होणार.’’

तालमीचं यश बघून मला बरं वाटत होतं. बरं वाटायला दुसरं काही नव्हतंही. घरात तिचे कपडे रोज थोडे थोडे बॅगेत जात होते आणि दांडी रिकामी होत होती.

ओझर. शनिवार, २४ जानेवारी

थंडी मी म्हणत होती. आडगाव मागे पडलं की महामार्गाच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागतात. घड भरत आलेले. निर्यातीच्या बागांत एकेका घडाला कागद गुंडाळलेला, त्यामुळे दुरून कुणी धुणं वाळत घातल्यासारखं दिसतं. रेवा खिडकीतून ‘माऊ, भूभू, माऊ’ असं मोजून दाखवत होती. गाडी सुधाकर चालवत होते.

ओझरच्या विमानतळाच्या दारापर्यंतच त्यांना येता येणार होतं. रेवाने त्यांना खुशीत टाटा केला. इतका खुशीत, की शेजारची बाई म्हणाली, ‘‘अगं बाई, रडत नाही!’’ रडेल कशाला? तालमीत आबा रोज दारात टाटा करायचे आणि फेरी मारून आलं की घरातच सापडायचे. सुधाकरांनी तिच्या टोपीची नाडी विनाकारण सोडून पुन्हा बांधली आणि पार्किंगचं विचारायला म्हणून पहारेकऱ्याकडे निघून गेले. पार्किंगची पावती त्यांच्या खिशातच होती.

तपासणीत माझी पिशवी बाजूला काढली. पेजेची पूड बघितली, गरम पाण्याचा थर्मास बघितला, ते सोडलं. मग तळातून एक कागदाची पुडी निघाली.

‘‘ये क्या है, माताजी?’’ महिला जवानाने विचारलं.

मोहरी आणि मीठ. पोचल्यावर दृष्ट काढायला म्हणून मीच ठेवलेली, आणि साफ विसरलेली. ‘‘नजर का है,’’ मी म्हटलं. सुरक्षा विभागातली बाई दुसऱ्या सुरक्षा विभागासमोर मोहरी घेऊन उभी! ती हसली. ‘‘हमारे यहाँ लाल मिर्च से उतारते हैं,’’ म्हणाली आणि रेवाचा गालगुच्चा घेतला. गालावरची तीट तिच्या बोटाला लागली. ती तिने पुसली नाही, तशीच पुढच्या बॅगेकडे वळली.

विमानात लहान मुलासाठी वेगळा छोटा पट्टा देतात, तो आपल्या पट्ट्यात ओवायचा. रेवाने पोट पुढे काढून दिलं. शेजारी निफाडकडचे एक टोपीवाले गृहस्थ होते, लेकीकडे निघालेले. इंजिन सुरू झालं तशी रेवाने कानांवर हात ठेवले, माझ्याकडे बघितलं आणि हसली. मी तिला पाण्याचे घोट दिले. सगळं पायरीबरहुकूम.

फक्त एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. वर गेल्यावर हवेचा दाब कमी होतो आणि नळीच्या बाटलीतलं पाणी कारंज्यासारखं उडतं. मी झाकण उघडलं आणि चिळकांडी थेट निफाडकरांच्या टोपीवर.

‘‘असू द्या, असू द्या,’’ ते टोपी झटकत म्हणाले. ‘‘पण लय गुणाचं लेकरू हाय तुमचं, बाई. आमचा नातू असता तर एव्हाना पायलटला मागं बोलावलं असतं त्यानं. हिला सवय दिसती विमानाची?’’

‘‘पहिलीच वेळ.’’

‘‘काय सांगता! मग लय भारी तयारी करून घेतली तुम्ही.’’

मला अभिमान वाटला, हे लिहायला हवं. खाली तपकिरी पठार सरकत होतं आणि त्यात शेततळी आरशाच्या तुकड्यांसारखी चमकत होती. रेवा काचेला नाक लावून बसली होती. उतरताना पाण्याचे घोट घेतले, कान दुखले नाहीत, रडणं नाही. चाकं टेकली, विमान थांबलं, मी पट्टा सोडला. आणि रेवाने दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्या विमानाला ऐकू जाईल अशी ओरडली, ‘‘आलं घर!’’

पुढचे-मागचे सगळे हसले. मी तिचा हात धरून तशीच बसून राहिले. कारखान्यातलं प्रत्येक ड्रिल ‘आपापल्या जागी परत’ या आज्ञेने संपतं. इतकी वर्षं तीच सवय. तिच्या तालमीचा शेवटही मी तसाच बांधला होता, आणि या प्रवासात तीच एक गोष्ट घडणार नव्हती.

हैदराबाद. त्याच दिवशी

बाहेर सायली कठड्याला ओठंगून उभी होती. हातात फुगा. ‘‘रेवू! ये, ये, ये!’’ तिचा आवाज मला लांबूनच फाटलेला ऐकू आला.

रेवाने तिच्याकडे बघितलं. ओळखीचं हसली. व्हिडिओ कॉल संपताना करते तसा एक पापा हवेत उडवला, ‘बाय’ म्हणाली आणि माझ्या खांद्यात तोंड घातलं. तिच्या लेखी कॉल संपला होता.

सायलीचे हात तसेच पुढे राहिले. निखिलने फुगा तिच्या हातातून काढून घेतला.

हैदराबादच्या त्या भागात मोठमोठे धोंडे आहेत, एकावर एक कुणी हाताने ठेवल्यासारखे, आणि त्यांच्या मधून काचेच्या इमारती निघालेल्या. आपल्याकडचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे, एकसंध. इथले कधी घरंगळतील याचा नेम नाही असं वाटतं. निखिल गाडीतून सगळं दाखवत होता. मागच्या सीटवर कुणी काही बघत नव्हतं.

नव्या घरी रेवाने खोल्या तपासल्या. प्रत्येक दारात थांबून, ‘‘आबा?’’ न्हाणीघरात, गॅलरीत, कपाटाच्या मागे. मग दारापाशी जाऊन स्वतःचे सँडल घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवले. ‘‘भुर्र.’’

रविवार, सोमवार

रविवारी सकाळी मी आणि सायली पोहे निवडत बसलो होतो. रेवा जेवणाच्या टेबलाशी खुडबुड करत होती. खुर्चीवर चढली. माझी ओढणी ओढून पोटावर घेतली. तोंडाने ‘घुर्रर्र’ असा मिक्सरचा आवाज काढला, रिकाम्या मुठीने पाणी प्याली, टाळ्या वाजवल्या. ‘‘आलं घर!’’ मग आजूबाजूला बघितलं. तीच भिंत, तोच टीव्ही, आबा नाहीत. थोडा वेळ थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

‘‘आई, काय करतेय ती?’’ सायलीने विचारलं.

मी सांगितलं. सायलीचा पोह्यांतला हात थांबला.

‘‘म्हणजे तू तिला शिकवलंस की विमानात बसलं की आपलं घर येतं.’’

‘‘ती घाबरू नये म्हणून गं.’’

‘‘नाही ना घाबरली. छान. मग आता?’’

मी पोह्यांतला एक खडा काढून बाजूला ठेवला.

‘‘मी खाऊ दिला की ती मला थँकू म्हणते,’’ सायली म्हणाली. ‘‘तूच शिकवलं असशील, चांगलंच आहे. पण आईला कुणी थँकू म्हणतं का गं? पाहुण्यांना म्हणतात.’’ ती उठून आत गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला.

सोमवारी सव्वीस जानेवारी. सोसायटीत झेंडावंदन झालं, बुंदीचे लाडू मिळाले. दुपारी निखिलने बाहेरून जेवण आणलं. तिथे भात मुख्य. पोळी असलीच तर पाहुण्यासारखी. भातावर कोरडी डाळीची चटणी आणि तूप घेतात, ते मला आवडलं. वांग्याची भाजी आपल्या भरल्या वांग्याच्या नात्यातली, पण चिंच सढळ आणि गूळ जवळजवळ नाही. मी कृती विचारून घेतली. अशा वेळी माणूस कृती विचारून घेतो.

संध्याकाळी मी मुद्दाम आतल्या खोलीत बसले आणि सायलीला सांगितलं, तूच भरव. बाहेरून सगळं ऐकू येत होतं. चिऊचा घास, काऊचा घास. मग ताटली पडल्याचा आवाज. मग रेवाचं रडणं, आणि त्यात मला मारलेली हाक, ‘‘जी! जी!’’ मी दाराची कडी धरून उभी राहिले. बाहेर गेले नाही. आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम ते, आणि त्याचा उपयोग शून्य. ती न जेवताच झोपली.

मंगळवार, पाळणाघर

पाळणाघर तळमजल्यावर, स्वच्छ. दारं, खिडक्या, बाहेर पडायचा दुसरा रस्ता, मी सगळं बघितलं; हरकत घेण्यासारखं काही सापडलं नाही. शोधत होते हे खरं. मुलांना सांभाळणाऱ्या लक्ष्मम्मा माझ्याच वयाच्या, तेलुगू, आमच्याशी मात्र तिथल्या हिंदीत बोलत. त्या हिंदीत आपलं ‘नको’ जसंच्या तसं आहे, फक्त जोर देऊन.

‘‘अम्मा, आप यहाँ बैठना नक्को,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आप दिखे तो पापा रोती.’’ लहान मुलीला तिकडे पापा म्हणतात.

‘‘जेवणार नाही ती दुसऱ्याच्या हातून,’’ मी सायलीला म्हटलं, ‘‘सांग त्यांना.’’

सायली कामावर गेली, मी बाहेरच्या बाकावर बसले. दुपारी खिडकीतून बघितलं, तर मऊ भात, घट्ट वरण आणि तूप कालवून लक्ष्मम्मा सगळ्या मुलांना एका रांगेत भरवत होत्या आणि रांगेत रेवा तोंड उघडून बसली होती. आपलाच वरण-भात. तिने तीन घास घेतले, चौथा थुंकला, पाचवा घेतला. मला आनंद व्हायला हवा होता. मी सायलीला फोन करून सांगितलं, ‘‘जेवली.’’ तिने आधी विचारलं, ‘‘कुणाच्या हातून?’’

मी सांगितलं. ‘‘उद्या मी सुट्टी टाकते,’’ ती म्हणाली.

बुधवार, परतीचा दिवस

माझं विमान दुपारचं होतं. सायलीने सुट्टी घेतली होती.

‘‘आई, तिला सांगून जाऊ नकोस,’’ ती म्हणाली.

‘‘मूल आहे म्हणून फसवायचं? न सांगता गेले तर ती मला शोधत बसेल.’’

‘‘सांगून गेलीस तरी शोधेलच. फक्त दाराशी बसून शोधेल आणि मला जवळ येऊ देणार नाही. प्लीज गं.’’

माझी बॅग आधीच निखिलने खाली नेली होती. रेवा जेवणाच्या खुर्चीवर चढली होती, ओढणी मागत होती. मी ओढणी दिली. तेवढ्यात सायली आली. शेजारच्या खुर्चीत, तालमीत मी बसायचे तशी बसली आणि तिने रेवाला उचलून मांडीवर घेतलं. रेवाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी उभीच होते.

‘‘घुर्रर्र,’’ सायली म्हणाली. अगदी बेसूर. रेवाने तिच्याकडे बघितलं. ‘‘घुर्रर्र,’’ तिने दुरुस्त करून दाखवलं. दोघींनी मिळून केलं. सायलीचे डोळे माझ्यावर होते आणि त्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं, आत्ता.

मी चप्पल हातात घेऊन दाराबाहेर पडले. आजवर कुठल्याही घरातून, परक्याच्यासुद्धा, ‘येते हं’ म्हटल्याशिवाय मी निघालेली नाही. त्या दिवशी निघाले. लिफ्टची वाट बघताना दारातून टाळ्या ऐकू आल्या. मग तिचा आवाज, ‘‘आलं घर!’’ आणि मग काहीच नाही. मग ‘‘जी?’’ तेवढ्यात लिफ्ट आली.

परतीच्या विमानाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मांडी मोकळी होती.

नाशिक, फेब्रुवारी

लोक विचारतात, प्रवास कसा झाला. प्रवास उत्तम झाला. फरीदाभाभींना मी बाटलीचं कारंजं सांगितलं. त्या हसून हसून खाली बसल्या आणि मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, ‘‘घर किती शांत वाटतंय हो, ताई.’’ सुधाकर सकाळी फिरायला जातात ते आता उशिरा परततात.

सायलीचे फोन येतात. रेवाला आम्ही सध्या फोनवर दिसायचं नाही असं ठरलं आहे. एकदा दिसलो तर ती फोनच्या मागे हात घालून शोधत राहिली. पाळणाघरात ती रुळते आहे. रात्री सायलीच्या कुशीत झोपते, पण झोप लागल्यावर, जागेपणी नाही.

‘‘आई, एक विचारू?’’ परवा सायली म्हणाली. ‘‘ती आता टाळ्याच वाजवत नाही गं. खुर्चीत बसते, पट्टा घेते, घुर्रर्र करते आणि तशीच बसून राहते. उतरतच नाही. मी म्हटलं, ‘आलं घर’, तर मान हलवते, नाही म्हणून. माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल. तू तुझ्या आवाजात रेकॉर्ड करून पाठव. तुझ्या पद्धतीने. टाळ्या वाजव, ‘आलं घर’ म्हण आणि सांग, हेच घर. आईचं घर, तेच रेवाचं घर.’’

‘‘पाठवते,’’ मी म्हटलं.

काम छोटं आहे. फोन हातात घ्यायचा, बटण दाबायचं, दोन वाक्यं बोलायची. रविवारी बसले. सुधाकर समोर होते. मी बटण दाबलं, टाळ्या वाजवल्या आणि ‘आलं घर’ एवढं नीट म्हटलं. पुढचं वाक्य आलं नाही. ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि जाताना म्हणाले, ‘‘असू दे, उद्या कर.’’ सोमवारी पुन्हा बसले. काल पुन्हा.

सायलीने आज सकाळी विचारलं, ‘‘केलंस का गं?’’ अजून केलेलं नाही.